फर्ममध्ये भागीदार झाल्यावर कामाची फेरमांडणी कशी करावी?

नवभागीदार_फोर्ट

नमस्कार. ज्या फर्ममध्ये मी असोसिएट म्हणून घडले, त्याच फर्मने या आर्थिक वर्षापासून मला भागीदार म्हणून घेण्याचे ठरवले आहे. फर्म मुंबईत फोर्टमध्ये असून मध्यम आकाराची आहे. माझे काम प्रामुख्याने व्यापारी दाव्यांचे, म्हणजे उच्च न्यायालयाची ओरिजिनल साइड (जेथे दावे थेट दाखल होतात), लवाद आणि अधूनमधून एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण). आनंद मनापासून झाला आहे, त्यामुळे पुढील मजकूर तक्रार म्हणून वाचू नये.

अडचण अशी आहे की जुने काम तसूभरही कमी झालेले नाही आणि नवे काम त्यावर चढले आहे. सकाळी बोर्डावरची मॅटर्स (त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीतील प्रकरणे), दुपारी काउन्सेलबरोबर (न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या वकिलांबरोबर) कॉन्फरन्स, संध्याकाळी ज्युनिअर वकिलांचे मसुदे, आणि याच्या जोडीला आता महिन्याची बिले, थकलेल्या फीचा पाठपुरावा, नव्या वकिलांच्या मुलाखती आणि भागीदारांच्या बैठका. ज्युनिअरचा मसुदा रात्री उघडला की तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा स्वतःच पुन्हा लिहून काढणे लवकर होते, म्हणून मी तेच करत राहते. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खात होते त्यांच्या कामाचे मूल्यमापन आता मला करायचे आहे. डीडचा, म्हणजे भागीदारीच्या कराराचा, मसुदाही माझ्याकडे वाचनासाठी आलेला आहे; इतरांचे करार वाचण्यात वर्षे गेली, तरी स्वतःचा करार वाचताना नेमके कोठे थांबून विचार करावा हे ठरवता येत नाही.

ज्यांनी हे स्थित्यंतर स्वतः अनुभवले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. पहिल्या वर्षात कोणते काम स्वतःकडे ठेवावे आणि कोणते सोडावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

जुना_सॉलिसिटर

मॅडम, प्रथम आपले अभिनंदन. आपला मुख्य प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर माझ्या मते असे की लेखन सोडावे, निर्णय सोडू नयेत. असोसिएटची किंमत त्याने लिहिलेल्या पानांवरून ठरते, भागीदाराची मात्र त्याने कोणत्या गोष्टीची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली यावरून ठरते. हा बदल बुद्धीला लगेच पटतो, परंतु हाताला पटायला बराच काळ लागतो, कारण ज्या कौशल्यामुळे आपण येथवर आलो तेच बाजूला ठेवावे लागते.

ज्युनिअरचा मसुदा पुन्हा लिहिण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सर्वाधिक वेळ तेथेच जातो. व्यापारी दाव्यातील लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे उत्तर, घ्या. ज्युनिअरने लिहिलेले असते, ‘परिच्छेद 7 मधील मजकूर प्रतिवादीस मान्य नाही व तो नाकारण्यात येत आहे.’ आपल्याला ठाऊक आहे की व्यापारी न्यायालयाच्या दाव्यात एवढे पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 मधील नियम 3अ नुसार नाकारण्याचे कारण द्यावे लागते, आणि प्रतिवादीची हकिकत वेगळी असेल तर तीही मांडावी लागते. अशा वेळी तो परिच्छेद आपण लिहून दिला, तर कैफियत चांगली होते आणि ज्युनिअर होता तेथेच राहतो. त्याऐवजी समासात एवढेच लिहावे, ‘माल पोहोचल्याच्या पावतीवर सही कोणाची आहे? ती व्यक्ती आपल्या अशिलाच्या नोकरीत होती का? हे विचारून परिच्छेद पुन्हा लिहावा.’ पहिल्या काही महिन्यांत या पद्धतीला दुप्पट वेळ लागेल, हे मान्य करूनच ती स्वीकारावी. मात्र मसुदा आपल्यापर्यंत आदल्या रात्री पोहोचत असेल तर ही पद्धत चालणारच नाही. समन्स बजावल्यापासून 120 दिवसांनंतर व्यापारी दाव्यात कैफियत दाखल करण्याचा हक्कच संपतो, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस.सी.जी. कॉन्ट्रॅक्ट्सच्या निकालात ही मुदत सक्तीची असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणून मसुदा आपल्या टेबलावर येण्याची तारीख आपण ठरवून द्यावी आणि ती दाखल करण्याच्या तारखेच्या बरीच आधीची असावी.

यावरूनच दुसरे सुचते. मुदतींची डायरी कधीही पूर्णपणे दुसऱ्यावर सोपवू नये. लवाद कायद्याच्या कलम 34 खाली निवाड्याविरुद्धचा अर्ज निवाडा मिळाल्यापासून तीन महिन्यांत करावा लागतो, पुरेसे कारण असल्यास त्यापुढे फक्त 30 दिवस मिळतात, आणि त्यानंतर न्यायालयाच्याही हाती काही उरत नाही. डायरी क्लार्कने लिहावी, ज्युनिअरने तपासावी, पण आठवड्यातून एकदा ती आपल्या डोळ्यांखालून गेलीच पाहिजे. हितसंबंधांच्या संघर्षाची तपासणीही तशीच. असोसिएट असताना आपण आपल्या मॅटरपुरते पाहत होतात. आता कोणताही नवा अशील स्वीकारताना फर्मच्या सर्व भागीदारांचे जुने अशील डोळ्यांसमोर हवेत. त्याच वादात ज्याने पूर्वी आपल्याकडून सल्ला घेतला किंवा कागद करून घेतले, त्याच्या विरोधी पक्षाकडून उभे राहण्यास बार कौन्सिलच्या आचारनियमांनुसार मनाई आहे. मोठा अशील दारात उभा असताना ‘एक दिवस थांबा, तपासून सांगतो’ म्हणणे जड जाते, परंतु ते म्हणणे हेच भागीदाराचे काम आहे. निकाल विरुद्ध गेल्याची बातमीही अशिलाला आपणच द्यावी, ती ज्युनिअरच्या ई-मेलमधून जाऊ नये.

आता डीड. आपली फर्म नोंदणीकृत भागीदारी आहे की एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी), हे आधी पाहावे, कारण त्यावर आपली सारी जोखीम अवलंबून आहे. 1932 च्या भागीदारी अधिनियमातील कलम 25 नुसार प्रत्येक भागीदार फर्मच्या सर्व कृत्यांबद्दल इतरांसह संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. म्हणजे दुसऱ्या विभागातील भागीदाराच्या चुकीपोटी आपल्या घरापर्यंतही वसुली येऊ शकते. एलएलपीमध्ये केवळ भागीदार आहे म्हणून अशी वैयक्तिक जबाबदारी येत नाही, स्वतःच्या गैरकृत्याची मात्र राहते. कलम 31 नुसार नव्या भागीदारावर त्याच्या प्रवेशापूर्वीच्या कृत्यांची जबाबदारी आपोआप येत नाही. परंतु फर्मच्या ‘सर्व मत्ता व दायित्वे’ नवा भागीदार स्वीकारत आहे, असे एखादे वाक्य डीडमध्ये सहज बसवलेले असते, आणि त्या वाक्याने निदान भागीदारांच्या आपसांतील हिशेबात आपण जुन्या देण्यांचा वाटा उचलता. ते वाक्य असेल तर प्रवेशाच्या तारखेची येणी-देणी दाखवणारे परिशिष्ट मागावे. मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, अशिलासाठी आपण ते मागितलेच असते.

आपल्याला इक्विटी भागीदार (नफ्यात वाटा असलेला) करत आहेत की ठरावीक रक्कम देऊन नाव लावत आहेत, तेही स्पष्ट करून घ्यावे. नफ्यात वाटा नसला तरी लेटरहेडवर भागीदार म्हणून नाव असेल आणि त्यावर विसंबून कोणी फर्मला उधारी दिली असेल, तर कलम 28 खाली आपण त्या व्यक्तीला जबाबदार ठरू शकता. वाटा नसेल तर निदान नुकसानभरपाईची हमी डीडमध्ये हवी. बाहेर पडण्याची कलमे, नोटिशीचा काळ आणि भांडवल परत मिळण्याची मुदत, ही तर आज, सारे गोड असतानाच ठरवावीत.

सीए_पुणे

मी वकील नाही, परंतु वकिलांच्या काही फर्मचे हिशेब पाहतो, म्हणून पैशांच्या बाजूचे लिहितो. वरच्या प्रतिसादातील परिशिष्टाच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

नव्या भागीदाराचा सर्वांत मोठा गोंधळ दरमहा मिळणाऱ्या रकमेबाबत होतो. आपण रिटेनरशिपवर (ठरावीक मासिक फीवर) असाल तर दर महिन्याला फी ठरलेली होती आणि ती आपलीच होती. भागीदाराची मासिक ड्रॉइंग ही बहुधा अपेक्षित नफ्यातून घेतलेली उचल असते. वर्षअखेरीस नफा कमी भरला तर ती आपल्या भांडवली खात्यावर नावे पडते. डीडमध्ये काही ठरलेले नसेल तर भागीदाराला कामाबद्दल मोबदला मागण्याचा हक्कच नाही आणि नफा समान वाटायचा असतो, हे भागीदारी अधिनियमाचे कलम 13 सांगते. त्यामुळे मोबदला, भांडवलावरील व्याज आणि नफ्याचे प्रमाण या तिन्हींचे आकडे किंवा सूत्र डीडमध्ये लिहिलेले हवे. शिवाय डीडमध्ये नसलेला मोबदला करासाठी फर्मला खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि डीडमध्ये असला तरी व्याजाला 12 टक्क्यांची आणि मोबदल्याला पुस्तकी नफ्याच्या प्रमाणात मर्यादा आहे.

करआकारणीचे स्वरूप थोडक्यात असे. फर्म स्वतःच्या नफ्यावर 30 टक्के दराने, अधिभार व उपकर वेगळे, कर भरते आणि त्या नफ्यातील आपला वाटा आपल्या हाती करमुक्त असतो. मोबदला आणि व्याज मात्र आपल्या हाती व्यवसायाचे उत्पन्न म्हणून करपात्र असते. तो पगार नव्हे, त्यामुळे प्रमाणित वजावट नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटीही नाही. 1 एप्रिल 2025 पासून फर्मने भागीदाराला दिलेल्या मोबदल्यावर आणि व्याजावर, वर्षाची रक्कम 20,000 रुपयांहून अधिक असेल तर, 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. ही रक्कम प्रत्यक्ष हाती न देता भांडवली खात्यात जमा केली तरी कपात होते. परंतु आपला प्रत्यक्ष कर 10 टक्क्यांहून बराच अधिक असणार, म्हणून 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या आगाऊ कराच्या तारखांसाठी वेगळे खाते उघडून दरमहा ड्रॉइंगचा ठरावीक भाग त्यात वळवावा. असोसिएट असताना आपण एकूण फीचा निम्मा भागच उत्पन्न म्हणून गृहीत धरण्याच्या सवलतीखाली विवरणपत्र भरत असाल, तर भागीदार म्हणून मिळालेल्या मोबदल्यावर ती सवलत गृहीत धरू नये; त्याविषयी स्वतःच्या सीएशी आधी बोलावे.

भांडवल आणण्यासाठी कर्ज काढण्याची वेळ आली, तर त्या कर्जाचा हप्ता आणि भांडवलावर मिळणारे व्याज यांची तुलना कागदावर मांडूनच सही करावी. भांडवलावरचे व्याज फक्त नफा झाला तरच मिळते, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. आणि एक विनंती. फर्मची मागील तीन वर्षांची ताळेबंद पत्रके मागावीत आणि त्यात नफ्यापेक्षा थकीत फीचे वय आधी पाहावे. सहा महिन्यांहून जुनी येणी मोठी असतील, तर कागदावरचा नफा आपल्या खात्यात कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. भागीदाराला फर्मची पुस्तके पाहण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

नवभागीदार_फोर्ट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. समासात प्रश्न लिहिण्याची पद्धत या आठवड्यापासूनच सुरू केली आहे. आगाऊ कराचा विचार मी अजिबात केलेला नव्हता.

एक उपप्रश्न विचारते. पुढील वर्षापासून नवे काम आणण्याचे उद्दिष्ट माझ्यासमोर ठेवले जाणार आहे. जाहिरात करण्यास आपल्याला मनाई आहे आणि स्वभावतः मला कोणाकडे काम मागणे जमत नाही. शिवाय अशिलाशी फीविषयी बोलताना आवाज खाली जातो. आजवर ते बोलणे वरिष्ठ करत असत.

विधीप्रमुख_ठाणे

मी एका उत्पादन कंपनीच्या विधी विभागाचा प्रमुख आहे. नोकरी स्वीकारली तेव्हा सनद (वकिलीचा परवाना) स्थगित केली. टेबलाच्या पलीकडून सांगतो, कारण नव्या भागीदारांना पलीकडचे फारसे कोणी सांगत नाही.

आम्ही काम देताना फर्मचे नाव पाहतो हे खरे, पण दुसऱ्यांदा काम देताना व्यक्ती पाहतो. आपण असोसिएट असताना आमच्या फाइलवर जे काम केले तेच आपले भांडवल आहे. बार कौन्सिलच्या नियम 36 खाली काम मागणे, जाहिरात देणे, मध्यस्थ ठेवणे, वैयक्तिक संबंध नसताना पत्रे पाठवणे, या सर्वांना मनाई आहे. 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली. या चौकटीत राहूनही पुष्कळ करता येते. जे अशील आज आपल्याकडे आहेत त्यांच्या दाव्याची तारीख झाल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळींचा वृत्तान्त पाठवावा, त्यात काय झाले, पुढे काय होणार, आमच्याकडून कोणता कागद कधीपर्यंत हवा, एवढेच असावे. फार थोडे वकील हे नियमितपणे करतात, आणि संचालक मंडळापुढे जाताना मला नेमके तेच लागते. एखाद्या निकालाचा आमच्या व्यवसायावर परिणाम होणार असेल तर चालू अशिलाला तो कळवणे हा सेवेचाच भाग आहे. इतर शहरांतील वकिलांशी चांगले संबंध ठेवावेत. आमच्यासारख्या कंपन्यांचे मुंबईतील दावे अनेकदा त्यांच्याच शिफारशीने जातात. मात्र वकील नसलेल्या कोणाला काम पाठवल्याबद्दल फीतील वाटा देण्याच्या वाटेला जाऊ नये, आचारनियमांत तो बसत नाही.

फीविषयी मी आपल्याला मनापासून सांगतो की स्पष्ट आकडा ऐकून आम्ही नाराज होत नाही, अनपेक्षित बिल पाहून होतो. काम घेतानाच टप्पे पाडून द्यावेत, म्हणजे दाखल करण्यापर्यंत इतके, अंतरिम अर्जाच्या सुनावणीपर्यंत इतके, पुरावा नोंदवताना इतके, आणि काउन्सेलची फी वेगळी. ‘यात काय समाविष्ट नाही’ हेही लिहावे. टप्पा संपण्यापूर्वी अंदाज ओलांडला जाणार असे दिसले तर तेव्हाच फोन करावा. मला नव्या अर्थसंकल्पात तरतूद करता येते. वर्ष संपल्यावर काही करता येत नाही, आणि मग बिल माझ्या टेबलावर पडून राहते. आमच्या कंपनीत बिल अडकते ते बहुधा रागामुळे नव्हे, तर खरेदी आदेशाचा क्रमांक नाही किंवा तासांचा तपशील जोडलेला नाही म्हणून. आपल्या लेखा विभागाने आमच्या लेखा विभागाकडून ही माहिती आधीच मागून घ्यावी.

जुना_सॉलिसिटर

विधीप्रमुखांनी लिहिलेल्याला एक कायदेशीर कारण जोडतो. फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात वकिलाला फीपोटी फाइलवर धारणाधिकार नाही असे ठरवले आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे काम संपल्यावर आपल्या हाती तगाद्याशिवाय फारसे काही राहत नाही. टप्प्याटप्प्याने फी घेणे हाच मार्ग, आणि त्यासाठीचे पत्र पहिल्याच भेटीनंतर गेले पाहिजे.

भागीदार_नागपूर

आपल्या पहिल्या पत्रातील एका गोष्टीकडे अद्याप कोणी वळलेले नाही, ती म्हणजे डब्याची. मी नागपूरच्या एका लहान फर्ममध्ये भागीदार आहे आणि हा भाग मला सर्वांत अवघड वाटला होता.

जुन्या सहकाऱ्यांशी मैत्री तोडण्याची मुळीच गरज नाही. परंतु त्यांच्याशी एकदा, एकेकट्याने, दार लावून बोलावे. ‘यापुढे तुझ्या मूल्यमापनात माझे मत असेल, भागीदारांच्या बैठकीत जे बोलले जाते ते मी तुला सांगू शकणार नाही, आणि तू मला जे मैत्रीण म्हणून सांगशील त्यातले काही फर्मच्या दृष्टीने गंभीर असेल तर मला त्यावर कृती करावी लागेल,’ एवढे स्पष्ट शब्दांत सांगावे. सुरुवातीला थोडा दुरावा येतो. तरीही ज्यांना हे आधी सांगितले जाते त्यांना पुढे फसवल्यासारखे वाटत नाही. शेवटच्या मुद्द्याला कायद्याचाही आधार आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियमाखाली अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि भागीदार म्हणून आपण आता नियोक्त्याच्या बाजूला उभ्या आहात. एखादी ज्युनिअर चहा घेताना सहज म्हणून काही सांगते, तेव्हा ते केवळ ऐकून सोडून देण्याची मुभा आपल्याला राहिलेली नाही. तिला समितीकडे जाण्याचा मार्ग सांगणे आणि तिच्या पाठीशी राहणे हे आपले कर्तव्य आहे.

घराविषयी आपण काही लिहिलेले नाही, तरी लिहिते, कारण स्त्रियांना हा प्रश्न वेगळ्या तीव्रतेने भेडसावतो. भागीदार कर्मचारी नसल्यामुळे प्रसूती रजेचा कायदा आपल्याला लागू होत नाही. आजारपण, बाळंतपण किंवा आईवडिलांची शुश्रूषा यांसाठी रजा घेतल्यास ड्रॉइंग चालू राहील का, नफ्याचा वाटा बदलेल का, आणि आपले अशील त्या काळात कोणाकडे राहतील, हे डीडमध्ये नसेल तर त्या वेळी इतर भागीदारांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. आज गरज नसली तरी कलम घालून घ्यावे. ते सर्व भागीदारांना लागू होईल अशा भाषेत मागितले, तर वयाने ज्येष्ठ भागीदारही त्याला सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांनाही शस्त्रक्रिया आणि विश्रांती यांचा विचार करावा लागतो.

आणि रात्रीच्या मसुद्यांबाबत मला सॉलिसिटर सरांपेक्षा थोडे वेगळे वाटते. वर्षातून दोन-चार कैफियती आपण पहिल्या शब्दापासून स्वतः लिहाव्यात. लेखणी पूर्ण सुटली की ज्युनिअरचा मसुदा तपासण्याची नजरही बोथट होते, आणि काउन्सेलबरोबरच्या कॉन्फरन्समध्ये आपण केवळ कागद पुढे सरकवणारे होतो. कोणती मॅटर्स स्वतः लिहायची ते मात्र आपण निवडावे, थकव्यामुळे ती आपल्यावर येऊ नयेत.

जुना_सॉलिसिटर

नागपूरच्या मॅडमचे म्हणणे मला मान्य आहे. मी अधिक टोकाचे लिहिले होते.

नवभागीदार_फोर्ट

सर्वांची ऋणी आहे. रजेचे कलम, प्रवेशाच्या तारखेचे परिशिष्ट आणि तीन वर्षांची ताळेबंद पत्रके, या तिन्ही गोष्टी मी सोमवारी लेखी मागणार आहे. एक शेवटची शंका. फर्मचा व्यावसायिक दायित्वाचा विमा आहे असे मला तोंडी सांगण्यात आले. वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाहीत असा निकाल झाल्यानंतर या विम्याची आवश्यकता कितपत उरते?

जुना_सॉलिसिटर

आवश्यकता पूर्वीइतकीच आहे. 14 मे 2024 च्या त्या निकालाने अशिलाला ग्राहक आयोगाचे दार बंद झाले; निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागण्याचे झालेले नाही. पॉलिसीची प्रत मागावी आणि त्यात चार ठिकाणी थांबावे. विमाधारकांच्या व्याख्येत नव्याने आलेला भागीदार समाविष्ट आहे का, हे पहिले. अशा पॉलिसी बहुधा दावा ज्या वर्षी केला गेला त्या वर्षाच्या आधारे चालतात, म्हणून पूर्वलक्षी तारीख, म्हणजे ज्या तारखेनंतरच्या कामाला संरक्षण मिळते ती, कोणती आहे, हे दुसरे. असोसिएट म्हणून आपण हाताळलेल्या जुन्या मॅटर्सचा प्रश्न तेथे येतो. फर्म सोडल्यानंतर किंवा निवृत्तीनंतर उद्भवलेल्या दाव्यांना संरक्षण किती काळ राहील, हे तिसरे. आणि चौथे, विम्याची एकूण मर्यादा आपल्या विभागातील सर्वांत मोठ्या चालू दाव्याच्या रकमेशी ताडून पाहावी. ती फारच अपुरी वाटली तर भागीदारांच्या पहिल्याच बैठकीत तो विषय आपण मांडावा. नव्या भागीदाराने असा विषय मांडण्यात काहीही गैर नाही.